दिव्यावरची पट्टी

मीटरवरच्या दिव्यावर काळी पट्टी चिकटवायची युक्ती तात्यांना स्टँडवरच्या एका टॅक्सीवाल्याने शिकवली. वायरिंगला गुंडाळतात तीच टेप, नखाएवढा तुकडा कापायचा आणि काचेवर नेमका त्या जागी दाबून बसवायचा. "इंजिनाचा दिवा आहे तो," शिकवणारा म्हणाला, "पेटला म्हणून गाडी काही थांबत नाही. पण पुढे बसलेलं भाडं त्याच्याकडेच बघतं आणि वडाळ्यापर्यंत डोकं खातं." तात्यांना ते पटलं, कारण तोवर त्या दिव्यापायी त्यांचे बरेच पैसे गेले होते आणि दिवा काही विझला नव्हता.

तात्या लालबागचेच. वडील गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, आणि गिरणगावातल्या कितीतरी घरांप्रमाणे या घरालाही पोटासाठी दुसरी वाट धरावी लागली. वडिलांनी टॅक्सीचा बिल्ला काढला. आधी दुसऱ्याची गाडी पाळीवर, मग कर्ज काढून स्वतःची पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ती गाडी मुंबईत शेवटपर्यंत 'फियाट'च राहिली. तात्या तिच्यावरच गाडी शिकले आणि गाडीचं दुखणं ओळखायलाही तिथेच शिकले.

पद्मिनी मिसिंग मारायला लागली, म्हणजे चारातला एक सिलिंडर पेटेनासा झाला, की वडील बॉनेट उघडायचे आणि इंजिन चालूच ठेवायचे. मग हातात कोरडं फडकं धरून डिस्ट्रिब्युटरकडून प्लगकडे जाणारी एकेक वायर उपसून बघायचे. वायर काढल्यावर इंजिन आणखी पडलं, तर तो सिलिंडर कामाचा. आवाजात काहीच फरक पडला नाही, तर चोर सापडला. त्यानंतरच प्लग खोलायचा, पॉइंटला पॉलिश पेपर मारायचा, कार्बोरेटरचा जेट फुंकायचा. आधी शोध आणि मग पाना, हा क्रम वडिलांनी कधी मोडला नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली आणि टॅक्सीच्या वयाची २० वर्षांची मर्यादा भरल्यावर २०२३च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून उतरली. तात्यांच्या घरची त्याच्या खूप आधी भंगारात गेली होती.

आता त्यांच्याकडे होती ती कंपनीतूनच सीएनजी बसवून आलेली, चार सिलिंडरची, प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेली गाडी. तिच्यात उपसून बघायला वायरी नव्हत्या. त्यांच्या जागी संगणक होता, आणि त्याला काही सांगायचं असेल तर मीटरवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागायचा.

हा दिवा ड्रायव्हरला छळायला बसवलेला नाही. गाडीच्या धुराने शहरांची हवा नासायला लागली, तेव्हा धूर बिघडवणारा दोष गाडीने स्वतःच ओळखून सांगावा, असा कायदा आला. अमेरिकेत १९९६पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला ते बंधन लागू झालं. आपल्याकडे एप्रिल २०१०मध्ये भारत स्टेज चारच्या गाड्या आल्या, त्यांच्याबरोबर मुंबईत ही व्यवस्था आली. २०१३च्या एप्रिलपासून ती आणखी कडक झाली. सिलिंडर पेटला की नाही हे संगणक ज्या रीतीने ओळखतो, ती मला फार देखणी वाटते. क्रँक दोनदा फिरतो तेवढ्यात चारही सिलिंडर एकेकदा पेटतात, म्हणजे दर अर्ध्या फेरीला क्रँकला एक रेटा मिळतो. क्रँकवरच्या दातेरी चाकापाशी बसवलेला सेन्सर ते दात मोजत असतो. एखादा रेटा चुकला की तेवढ्या अर्ध्या फेरीपुरता क्रँक किंचित मंदावतो. माणसाच्या हाताला ते जाणवणारही नाही, पण संगणकाला जाणवतं, आणि पाळी कोणाची होती हे त्याला ठाऊक असल्यामुळे तो नंबरही टिपून ठेवतो. पहिला सिलिंडर चुकला तर पी-०३०१, दुसरा चुकला तर पी-०३०२, आणि कोणताही एक धड धरता येत नसेल तर पी-०३००.

या दिव्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला त्या ठाऊक असायलाच हव्यात. तो स्थिर लागला, तर गाडी लवकर दाखवून घ्यायची. लुकलुकायला लागला, तर त्याच क्षणी पाय हलका करायचा आणि सोय बघून गाडी बाजूला घ्यायची. कारण सिलिंडरात न जळलेलं इंधन तसंच पुढे सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तिथे जळतं. त्या डब्यात चिनीमातीची बारीक भोकांची जाळी असते. ती धूर शुद्ध करण्यासाठी असते. इंधन जाळण्याची आच तिला सोसत नाही. ती वितळते, ढासळते, आणि नवा डबा पाच आकड्यांत जातो.

पट्टीखाली स्थिर दिवा आणि लुकलुकणारा दिवा सारखेच दिसतात.

तर झालं असं. जुलैत एका सकाळी तात्यांनी चावी फिरवली आणि गाडी अंगभर थरथरली. भारतमाता सिनेमापर्यंत झटके देत गेली, परळ येईतो सुरळीत झाली आणि मग दिवसभर गुमान चालली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशी दिवा. स्टँडवर सगळ्यांचं एकमत झालं: हिंदमाताचं पाणी. पावसाळ्यात हिंदमाताला गुडघाभर पाण्यातून गाडी काढली नाही असा टॅक्सीवाला दादर-परळात शोधून सापडायचा नाही, त्यामुळे निदान अगदी तोंडावर होतं. तात्यांनीही ते उचललं.

पहिला उपाय पुलाखाली बसणाऱ्या एका स्कॅनरवाल्याचा. त्याने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला यंत्र लावलं, दोन बटणं दाबली, दोनशे रुपये घेतले आणि दिवा घालवला. चार दिवसांनी दिवा परत. त्याने पुन्हा घालवला. कोड पुसताना नेमकं काय पुसलं जातं, हे ना तो बोलला, ना तात्यांनी विचारलं. दोष टिपताना संगणक त्या घडीची सगळी परिस्थिती कोडाबरोबर लिहून ठेवतो: इंजिन किती गरम होतं, किती फेऱ्यांवर होतं, गाडी उभी होती की चालत होती. दुखण्याचा शोध घ्यायला याहून चांगला कागद मेस्त्रीला मिळत नाही. कोड पुसला की हा कागदही जातो. शिवाय गाडी स्वतःच्या ज्या तपासण्या करत असते, त्यांची पाटी कोरी होते आणि त्या पहिल्यापासून सुरू होतात.

दुसरा उपाय एका गॅरेजमध्ये झाला. तिथे कोड वाचला: पी-०३०३, तिसरा सिलिंडर. "कॉइल गेली," तिथला पोरगा म्हणाला. "प्लगही टाकून घ्या, गॅसवर प्लग लवकर जातात." हे शेवटचं वाक्य खरं आहे. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त दाबाचा स्पार्क लागतो, म्हणून गॅसच्या गाडीत प्लग आणि कॉइल यांचं दुबळेपण आधी उघडं पडतं. तात्या ऑपेरा हाऊसला गेले आणि तिथल्या स्पेअर पार्टच्या बाजारातून एक कॉइल आणि चार प्लग घेऊन आले. पोराने सगळं बसवलं, गाडी झक्क चालली. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. तात्यांनी त्याला वडापाव खिलवला. पंधराएक दिवसांनी सकाळी गाडी पुन्हा थरथरली.

कोडाने सांगितलं होतं एवढंच, की तिसरा सिलिंडर पेटत नाही. का पेटत नाही, ते कोडात नव्हतं. कॉइल मेली असेल, प्लग झिजला असेल, इंजेक्टर अडला असेल, कनेक्टरची पिन सैल असेल, उंदराने वायर कुरतडली असेल, व्हॉल्व्ह नीट बसत नसेल, कॉम्प्रेशन गेलं असेल. दुखण्याची जागा कळली आणि तीच दुखण्याचं कारण समजून पार्ट बदलला गेला. त्यातून तो बदलल्यावर गाडी काही दिवस चालली, त्यामुळे समजूत आणखी घट्ट झाली. पार्ट योग्यच होता, पण डुप्लिकेट निघाला असणार, असा निष्कर्ष तात्यांनी काढला. बाजार चोर, मेस्त्री चोर, गाडीच भिकार. मग पट्टी आली.

याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडली. गाडीशी तिचा काही संबंध असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. तात्यांच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर माई राहायच्या. केईएममध्ये सिस्टर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या, एकट्या, थोड्या करड्या. एका सकाळी गॅलरीतून वाकून त्यांनी हाक मारली, "तात्या, गाडी जरा पुढे घेऊन लावत जा हो!" चाळीखालच्या गल्लीत गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे काय, हे लालबागकराला वेगळं सांगायला नको. ती जागा तात्यांची बारा वर्षांची. आधीच सकाळची वेळ, गाडी मिसिंग मारतेय, त्यात ही हाक. तात्या वर बघून म्हणाले, "गल्ली कुणाच्या बापाची नाही." माई आत गेल्या. त्यानंतर जिन्यात समोरासमोर आले तरी दोघं बोलले नाहीत. गणपतीत माईंकडचा प्रसाद तात्यांकडे आला नाही, दिवाळीत तात्यांकडचं ताट वर गेलं नाही.

पाऊस गेला. दसरा झाला, दिवाळी झाली. गाडी सकाळी खोकायची ती खोकायचीच, उलट आता जरा जास्त वेळ खोकायची. गॅसची एक टाकी पूर्वी जेवढी जायची तेवढी जाईना. मार्गशीर्षात एके दिवशी टाटा हॉस्पिटलचं भाडं सोडून तात्या भोईवाड्यात एका मेस्त्रीकडे गेले. गॅरेज म्हणजे एक गाळा आणि समोरचा फुटपाथ. मेस्त्री चाळिशीचा, बोलायला बेताचा. गाडीत बसला आणि पहिलं काम त्याने केलं ते नखाने टेपचा कोपरा उचकटून ती काढण्याचं.

"कोड घालवू नका, परत येतो तो," तात्या म्हणाले.

"घालवत नाही. वाचतो."

त्याने स्कॅनर लावला. पी-०३०३ होताच. मेस्त्री तिथे थांबला नाही. आणखी दोनदा बटण दाबून तो आतल्या पानावर गेला आणि खिशातली वही काढून आकडे उतरवायला लागला. इंजिनाचं पाणी: २६ अंश. गाडीचा वेग: शून्य. इंजिन सुरू होऊन झालेला वेळ: ४० सेकंद. फेऱ्या आयडलिंगच्या. वही मिटून त्याने विचारलं, "तात्या, दुपारी कधी मिसिंग झाली?"

"दुपारी? नाही."

"तासभर उभी करून परत चालू केलीत तर?"

तात्यांना आठवावं लागलं. जेवायला घरी आले की गाडी तासभर उभीच असते, पण तेव्हा कधी थरथरली नव्हती. "सकाळीच," ते म्हणाले. "पहिल्या चावीला."

"गावाला गेलात, गाडी तिकडे रात्रभर राहिली, तेव्हा?"

यावर तात्या गप्पच झाले. मे महिन्याचं सोडून द्या, पण दिवाळीनंतर ते चार दिवस साताऱ्याकडे गावी गेले होते. तिथली थंडी मुंबईपेक्षा कडक, गाडी अंगणात उघड्यावर. आणि चारही सकाळी गाडी पहिल्या चावीला सुरू झाली होती, एक झटका न देता. तेव्हा त्यांना वाटलं होतं, गावची हवा मानवली गाडीला.

"म्हणजे नुसत्या थंडीने होत नाही," मेस्त्री म्हणाला. "लालबागमध्ये रात्रभर उभी राहिली तरच होतं. पाण्याचं म्हणत होतात. पाऊस दसऱ्याला गेला, आता पाणी कुठलं?"

तरी त्याने हाताशी होती ती परीक्षा करून घेतली. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून पहिल्यावर बसवली, पहिल्याची तिसऱ्यावर. कॉइलमध्ये दोष असेल तर तो कॉइलबरोबर हलतो आणि पुढच्या वेळी कोड पी-०३०१ येतो. जागेत दोष असेल तर कोड तिथेच राहतो. यात ना पार्ट लागतो ना पैसा, फक्त दहा नंबरचा पाना आणि थोडा धीर. मग तो म्हणाला, "आता गाडी गरम आहे. दिवसभर शोधलं तरी काही मिळायचं नाही. उद्या सकाळी मी येईपर्यंत चावी लावू नका. बॉनेटही उघडू नका."

तात्यांना हे जरा विचित्रच वाटलं. गाडी मेस्त्रीकडे न्यायची असते, मेस्त्री गाडीकडे येतो ते ती बंद पडल्यावर.

सकाळी पावणेसहाला मेस्त्री स्कूटरवर आला. चाळीत नळाला पाणी आलं होतं. मोऱ्यांतून बादल्या सरकत होत्या, कुठेतरी गॅलरी धुतली जात होती. मेस्त्री गाडीपाशी जाऊन उभा राहिला आणि बघत राहिला. बॉनेटला हात लावायची घाई त्याने केली नाही. थोड्या वेळाने पुढच्या काचेच्या बुडाशी, वायपरखालच्या जाळीवर, टप् करून एक थेंब पडला. मग दुसरा. मग बारीक धार लागली, पांढरट, साबणाची. मेस्त्रीने मान वर केली. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीचा पन्हळ जिथे भिंतीवरच्या पाइपला मिळतो, तिथला बाक फुटला होता. वर गॅलरी धुतली की निम्मं पाणी पाइपात आणि निम्मं खाली, तात्यांच्या गाडीवर.

"पण गाडी पावसात भिजतेच की," तात्या म्हणाले. "काचेवरचं पाणी बाजूने निघून जातं."

"जायला हवं." मेस्त्रीने बॉनेट उघडलं आणि वायपरखालची जाळी उचलून दाखवली. पाणी वाहून न्यायची जी पन्हळ तिथे असते, तिच्या दोन्ही टोकांची भोकं पिंपळाच्या पानांनी गच्च बुजली होती. पानं कुजून त्यांचा काळा लगदा झाला होता. पाणी तुंबायचं आणि जिथे कडेचं रबर सुकून तडकलं होतं, नेमकं तिथून इंजिनावर ओघळायचं. ओघळाचा डाग टॅपेट कव्हरवर स्पष्ट दिसत होता, वरून खाली, थेट तिसऱ्या कॉइलपर्यंत. पावसात आणि सकाळच्या धुण्यात पाणी एकाच वाटेने येत होतं.

त्याने बोल्ट काढून कॉइल वर ओढली. तिच्या खालची रबरी नळी ओली होती, टोकाला पाण्याचा थेंब लोंबत होता. बॅटरीचा झोत खाली सोडला, तर प्लगच्या विहिरीत चमचाभर पाणी साचलेलं, आणि नव्या म्हणून घातलेल्या प्लगच्या लोखंडावर तांबूस गंज. मग मेस्त्रीने काल पहिल्यावर हलवलेली कॉइलही काढली आणि तिची रबरी नळी उजेडात फिरवून तात्यांच्या डोळ्यांपुढे धरली. काळ्या रबरावर केसाएवढी एक करडी रेघ होती, वरपासून खालपर्यंत. "ही स्पार्कची वाट," तो म्हणाला. "प्लगच्या फटीत उडी मारायला त्याला जोर लागतो, गॅसवर तर जास्तच. ओलाव्यातून बॉडीला उतरायला कमी लागतो. मग तो इकडूनच जातो. इंजिन तापलं की पाणी वाळतं, वाट बंद होते, गाडी बरी होते."

ओली निघालेली नळी मात्र कालपर्यंत पहिल्या सिलिंडरवरच्या कॉइलची होती. म्हणजे कॉइल बदलली तरी दुखणं तिसऱ्याच विहिरीत राहणार होतं. आणि ऑपेरा हाऊसहून आणलेल्या कॉइलने पंधरा दिवस गुण का दिला, त्याचंही उत्तर त्या विहिरीतच होतं. त्या पोराने प्लग बदलताना हवा मारून विहीर कोरडी केली होती आणि नव्या कॉइलबरोबर नवं, रेघ न पडलेलं रबर आलं होतं. जुनी कॉइल तात्यांच्या डिकीत फडक्यात गुंडाळून पडली होती. मेस्त्रीने नंतर ती तपासली. चांगली होती.

तात्या तिसऱ्या मजल्यावर गेले. पाइपाबद्दल भांडायला गेले, की विचारायला, हे त्यांना जिना चढतानाही ठरवता आलं नसावं. दार माईंनीच उघडलं. तात्यांनी फुटलेला बाक, पाणी, तिसरा सिलिंडर, सगळं एका दमात सांगितलं. माईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणून तर म्हटलं होतं गाडी पुढे घ्या. जूनमध्ये फुटला तो पाइप. चाळ कमिटीला दोनदा अर्ज दिला. आमचं धुण्याचं पाणी तुमच्या काचेवर पडतंय, मला वरून दिसत होतं."

"मग तसं सांगायचं ना, माई!"

"तुम्ही कुठे विचारलंत?"

हे दोघांच्याही बाबतीत खरं होतं, आणि माईंच्या ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी तात्यांना आत बसवलं, चहा टाकला आणि गाडीचं पहिल्यापासून सांगायला लावलं. ऐकता ऐकता त्या मध्येच म्हणाल्या, "वॉर्डात नुसता ताप आहे म्हणून सांगितलेलं आमच्या डॉक्टरांना चालायचं नाही. चार-चार तासांनी बघून तक्त्यावर मांडायचा. रोज संध्याकाळी चढणारा ताप वेगळा, एक दिवसाआड हुडहुडी भरून येणारा वेगळा. तक्ता न बघता औषध लिहिलं तर मोठे सर तो कागद परत पाठवायचे. आणि तुम्ही तर तक्ताच पुसून घेत होतात, वर पैसे देऊन."

कमिटीची वाट न बघता रविवारी पाइपाचा बाक बदलला. प्लंबरला तात्यांनी आणलं, पैसे निम्मे-निम्मे. मेस्त्रीने पन्हळीतला लगदा काढला, भोकातून तार फिरवली, बादलीभर पाणी ओतून ते बाजूने जातं याची खात्री केली. कडेचं रबर बदललं, विहीर सुकवली, कॉइलच्या नळ्या नव्या घातल्या आणि त्यांच्या तोंडाला आतून सिलिकॉनचं ग्रीस लावलं. सगळं मिळून जो खर्च आला, तो ऑपेरा हाऊसच्या एका फेरीपेक्षा कितीतरी कमी होता. गाडी पुढे घेऊन लावायची आता गरज नव्हती, तरी तात्या ती हातभर पुढे घ्यायला लागले.

पैसे घेताना मेस्त्रीने एक गोष्ट मात्र सांगून ठेवली. "पट्टी किती महिने होती?"

"तीन असेल."

"त्या दिवसांत दिवा लुकलुकला की नाही, ते तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. रोज सकाळी कच्चा गॅस सायलेन्सरात गेलाय. कन्व्हर्टरची जाळी भाजली असेल तर आज कळायचं नाही. दिवा पुन्हा लागला तर घाबरू नका. पण काही पुसू नका, झाकू नका. कसा लागला तेवढं बघून ठेवा."

फेब्रुवारीत दिवा लागला. तात्यांनी भाडं दादरला प्लाझापाशी सोडलं, पुढचं घेतलं नाही आणि सरळ भोईवाड्यात आले. मेस्त्री दुसऱ्या एका गाडीखाली होता. पाय तेवढे बाहेर दिसत होते.

"कधी लागला?" त्याने खालूनच विचारलं.

"आज, सव्वातीनला. हिंदमाताच्या पुलावर चढताना. गाडी गॅसवर होती, चौथ्या गिअरमध्ये, मागे तीन माणसं. झटका नाही, थरथर नाही. दिवा स्थिर आहे, लुकलुकला नाही. पिकअप मात्र आठवडाभर कमी वाटतोय, आणि रेस दिली की खालून खुळखुळ येते, मधल्या डब्यातून."

मेस्त्री गाडीखालून बाहेर आला, हात पुसले आणि वही काढली. "परत सांगा," तो म्हणाला, "सावकाश. खुळखुळ गाडी थंड असताना पण येते का?"